हयगय, गय आणि मनुष्यवध

‘सदोष मनुष्यवध’ असतो, तर ‘निर्दोष मनुष्यवध’ही असतो का, असं एका वाचकाने विचारलंय. सांगतो, पण आधी बातम्यांवरचा राग काढू द्या. गाडीखाली कुणी गेलं रे गेलं की टीव्हीवर पट्टी सुरू: ‘चालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा’. फिर्याद बघावी तर कलम असतं हयगयीचं.

फरक बारीक नाही. आपण असं वागलो तर माणूस मरू शकतो हे ठाऊक असूनही वागलात, तर सदोष मनुष्यवध. दहा वर्षं, आणि तसा हेतूच असेल तर जन्मठेपही. ठाऊक असण्याचा प्रश्न नाही, नुसतं भान सुटलं, तर हयगय. तिला जुन्या दंडसंहितेत ३०४-अ कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षं होती. हे कलमसुद्धा १८६०च्या मूळ कायद्यात नव्हतं, १८७० साली मागाहून घातलं. १ जुलै २०२४पासून न्याय संहितेच्या १०६व्या कलमात दोनाची पाच झाली. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ साली फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले, तेव्हा सत्र न्यायालयाने हयगय धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने त्यालाच सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं दिली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. गाडी तीच, मेलेले तेच, शब्द बदलला!

‘वध’ मला इथे मुळातच खटकतो. मराठीत वध कीचकाचा होतो, अफझलखानाचा होतो. झोपलेल्या मजुराचा कसला वध? पण तो वाद पुन्हा कधी.

खरी गंमत आहे ‘हयगय’मध्ये. पोलिसांच्या फिर्यादीतलं ते ठरलेलं वाक्य आठवा: ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगाने चालवून…’ काही पंडित सांगतात, हय म्हणजे घोडा, गय म्हणजे हत्ती. प्राकृतात गजाचा ‘गय’ होतो हे कबूल. पण हत्तीघोड्यांतून निघावा लवाजमा, निघावा थाट. निष्काळजीपणा कुठून निघाला? आणि हत्तीघोडे पुल्लिंगी असताना ही ‘हयगय’ स्त्रीलिंगी कशी? या प्रश्नावर पंडित गप्प बसतात.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. ही आपली साधी ‘गय’च आहे, गय करणे म्हणजे सैल सोडणे, त्यातली. तिच्यापुढे नादासाठी ‘हय’ जोडला, जसा ‘पास’ला ‘आस’ जोडून आपण ‘आसपास’ करतो. लिंग जुळतं, क्रियापद जुळतं: गय करतात, हयगयही करतात. दुसऱ्याला सैल सोडलं की गय, स्वतःला सैल सोडलं की हयगय. म्हणून तर अपघातानंतरचा तो सगळा प्रकार मला भाषिक मेजवानी वाटतो. चालकाने हयगय केलेली असते आणि दुसऱ्या दिवशी मंत्री म्हणतात, ‘कुणाचीही गय केली जाणार नाही.’ एकाच घरातल्या दोघी, आदल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरी.

‘बेदरकार’ला मात्र हयगयीच्या पंगतीत बसवू नका. ती फारसी ‘दरकार’, म्हणजे गरज, पर्वा. हयगय करणाऱ्याचं लक्ष नसतं. बेदरकाराचं असतं, त्याला पर्वा नसते. दारू पिऊन स्टिअरिंगवर बसणाऱ्याला नुसता ‘निष्काळजी’ म्हणणाऱ्या वार्ताहरांनी हे वहीत लिहून ठेवावं.

हां, तो निर्दोष मनुष्यवध. कायद्यात त्या नावाचं कलम नाही, पण गोष्ट आहे: जीव वाचवताना हल्लेखोर मेला किंवा सात वर्षांखालच्या पोराच्या हातून कुणी मेलं, तर तो गुन्हाच नाही. सदोषमधला ‘सदोष’ एवढ्यासाठीच.