शिडाच्या होडीतील केबिनच्या जमिनीच्या सागवानी फळ्या कोल्हापुरात घरी आणल्या आहेत. जुलैत वार्निश करावे का?

जुलैत करू नका, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा, कारण ओलसर लाकडावर चढवलेला थर पुढे पांढुरका पडून सुटतो. सुतारकामात नेहमी दिसते ते असे की, वरची बाजू चकचकीत केली जाते आणि खालची बाजू, कडा व स्क्रूची भोके वार्निशविना राहतात. होडीच्या तळातले पाणी नेमके तिथूनच शिरते. ८०, १२० आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, सागाचे तेल अ‍ॅसिटोनने पुसून लगेच पहिला हात पातळ करून द्यावा. शेवटचा हात मॅट असावा, नाहीतर ओल्या पायाखाली फळी साबणासारखी निसटते. मात्र प्लायवूडवर सागाचा नुसता पापुद्रा असेल, तर घासायचे मशीन लावू नये.