परसदारी तलाव बांधण्यापूर्वी

चेंबूरमधील एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. वडिलांनी बांधलेल्या बैठ्या घराच्या परसात आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद असा पोहण्याचा तलाव बांधावा, असे त्यांच्या मनात आहे. कंत्राटदाराने १६ लाखांचे क्वोटेशन दिले असून त्यासाठी १५ लाखांची मुदत ठेव मोडायची आणि कमी पडेल तेवढे वैयक्तिक कर्ज घ्यायचे, असा त्यांचा बेत आहे. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात आणि दोघांचे मिळून महिन्याला २ लाख ४० हजार रुपये हातात येतात. मुलगी ११ वर्षांची व मुलगा ७ वर्षांचा आहे. आईंचे गुडघे दुखतात आणि डॉक्टरांनी त्यांना पाण्यातले व्यायाम सुचवले आहेत. घरापासून वीस मिनिटांवर असलेल्या एका खासगी क्रीडासंकुलाचे कुटुंब-सभासदत्व पाच जणांसाठी वर्षाला ६० हजारांना मिळते, तोही पर्याय त्यांनी पाहून ठेवला आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले, धाकटा भाऊ पुण्यात आणि बहीण ठाण्यात असते, आणि गेल्या वर्षी दोन विकासक घर पाहून गेले, हेही त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. प्रश्न एवढाच आहे : तलाव घरचा असावा की सार्वजनिक?

महोदय, आपल्या पत्रात जी गोष्ट ओझरती आली आहे, तिच्यापासून मी सुरुवात करतो, कारण माझ्या मते हा निर्णय तिच्यावरच ठरतो. घर वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीतले असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार आपली आई, आपण, आपला भाऊ आणि आपली बहीण हे चौघे समान वारस ठरतात. म्हणजे ज्या जमिनीत आपण २१ लाख रुपये पुरणार आहात (१६ लाखांचे २१ कसे होतात, ते पुढे सांगतो), तिच्यातला आपला स्वतःचा हिस्सा एक चतुर्थांश आहे. भावंडांचे संबंध आज उत्तम आहेत आणि ते तसेच राहावेत, असे मलाही मनापासून वाटते. पण ते तसे राहावेत म्हणूनच वाटणीआधी एकाने सामायिक जमिनीवर मोठा खर्च करू नये. उद्या हिशेबाची वेळ आली की ‘मी एवढा खर्च केला, तो माझ्या हिश्श्यात धरा’ असे आपण म्हणणार, आणि ‘आम्हाला विचारले कुठे होते?’ असे समोरून येणार. अशा वादांत कोणाचीही बाजू पूर्ण खोटी नसते, म्हणून ते लवकर मिटत नाहीत.

याला लागूनच विकासकांचा मुद्दा येतो. गावाकडच्या किंवा अलिबागच्या बंगल्यात तलाव असेल, तर विकताना किंवा भाड्याने देताना त्याचे थोडेबहुत पैसे मिळू शकतात. चेंबूरच्या भूखंडाचा भाव मात्र त्यावर किती चटईक्षेत्र, म्हणजे एकूण किती बांधकाम करण्याची मुभा मिळते यावर ठरतो. घेणारा विकासक घरही पाडतो आणि तलावही बुजवतो; उलट बुजवण्याचा खर्च तो आपल्याच किमतीतून वजा करून घेईल. सुधारणेचा खर्च पुढे घर विकताना होणाऱ्या नफ्याच्या, म्हणजे भांडवली नफ्याच्या हिशेबात दाखवता येतो, त्यामुळे करात काहीसा दिलासा मिळू शकतो. पण त्यासाठी पक्की बिले आणि खर्च आपल्या खात्यातून झाल्याचा पुरावा लागतो, आणि करातली ही बचत मूळ खर्चाच्या मानाने फार लहान असते. पुढच्या पाच-सात वर्षांत पुनर्विकासाची शक्यता खरी असेल, तर हा तलाव म्हणजे पूर्ण रक्कम उपभोगासाठी केलेला खर्च आहे, गुंतवणूक म्हणून त्यातले काहीही परत येणार नाही, असे धरूनच विचार करावा. उपभोगासाठी खर्च करण्यात गैर काहीच नाही. फक्त तो त्याच नावाने वहीत मांडला पाहिजे.

आता खर्चाकडे येऊ. १६ लाखांच्या क्वोटेशनवर १८ टक्के जीएसटी स्वतंत्र लागेल, असे त्यात बारीक अक्षरांत लिहिले आहे. म्हणजे १८ लाख ८८ हजार झाले. खोदलेली माती वाहून नेणे, तलावाभोवतीचे कुंपण, कुलूप लावता येणारे फाटक, पावसाळी आच्छादन आणि विजेचे सुरक्षित काम यांचा त्यात उल्लेख नाही. हे सगळे धरून २१ लाखांच्या खाली हे काम होईल, असे मला वाटत नाही. परसात आंब्याचे झाड आहे, असेही आपण लिहिले आहे. ते तोडायचे किंवा हलवायचे असेल, तर १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते. आणि ठेवायचे असेल, तर मुळांचा ताण तलावाच्या भिंतीवर आणि पानांचा भार गाळणयंत्रावर येतो. खोदकामापूर्वी वास्तुविशारदामार्फत महापालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्याकडे रीतसर जावे, आणि मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डावर) जमिनीच्या वापराबाबत काही अट आहे का, तेही पाहावे. कंत्राटदार ‘परवानगीची काही गरज नाही’ असे म्हणत असेल, तर ते त्याच्याकडून लिहून मागावे.

बांधकामाचा खर्च एकदाच होतो. चालवण्याचा खर्च दर महिन्याला येतो आणि लोक चुकतात ते इथेच. आपल्या मापाच्या तलावाची सरासरी खोली १.३५ मीटर धरली, तर त्यात सुमारे ४३ हजार लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर भरून वर थोडे. कोरड्या दिवसांत रोज सरासरी ५ मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे मानले, तर ३२ चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज १६० लिटर पाणी जाते, आणि वाळूचे गाळणयंत्र उलट्या प्रवाहाने धुताना दर आठवड्याला हजार-दीड हजार लिटर गटारात जाते. वर्षाला दहा-बारा टँकर लागतील असे धरून मी ३० हजार रुपये मांडतो. एक अश्वशक्तीचा पंप रोज आठ तास चालला, तर महिन्याला सव्वादोनशे युनिटच्या आसपास वीज जळते; ही युनिटे घरच्या वापराच्या वर, म्हणजे महागड्या टप्प्यात पडणार, म्हणून १२ रुपये दराने वर्षाचे ३२ हजार झाले. क्लोरीन आणि इतर रसायनांचे ३० हजार, देखभालीसाठी येणाऱ्या माणसाचे महिना ७ हजारांप्रमाणे ८४ हजार, आणि टाइल्स, पंप, गळती यांच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ४० हजार. बेरीज २ लाख १६ हजार होते. हे माझे अंदाज आहेत आणि आपल्या भागातले दर थोडे वर-खाली असतील, पण यातला कोणताही खर्च अजिबात टाळता येईल असा नाही.

पावसाळ्यात तरी खर्च थांबेल, असे आपल्याला वाटेल. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हे पाणी तलावात पडले की क्लोरीन पातळ होते, शेवाळ धरते आणि पोहणारे कोणी नसतानाही पंप चालवावाच लागतो. तो बंद ठेवला तर साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू व मलेरियाचे डास वाढतात. महापालिकेचे कीटकनाशक खाते अशा ठिकाणी नोटीस देते आणि दंडही करते. मग तलाव रिकामाच ठेवू, हा उपाय त्याहून वाईट आहे, कारण पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर आलेले असते आणि रिकाम्या तलावाचा तळ त्या दाबाने उचलला जाऊन भेगा पडू शकतात. उन्हाळ्यात अडचण उलटी असते. मे-जून २०२४ मध्ये धरणांतला साठा घटल्यामुळे मुंबईत आधी ५ आणि मग १० टक्के पाणीकपात झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांचा संप झाला तेव्हा अनेक सोसायट्यांचे हाल झाले. शेजारी बादल्या मोजत असताना आपल्या परसात ४३ हजार लिटर पाणी असणे हा पैशांपलीकडचा प्रश्न आहे, आणि आपल्यासारख्या संवेदनशील कुटुंबाला तो छळेल, असे मला वाटते.

आता दोन्ही पर्याय एकाच मापाने मोजू. मोडलेल्या १५ लाखांवर कर जाऊन ५ टक्के व्याज मिळाले असते, असे धरले तर वर्षाला ७५ हजार गेले. उरलेल्या ६ लाखांचे वैयक्तिक कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १३,३५० रुपये बसतो आणि एकूण व्याज २ लाख, म्हणजे वर्षाला ४० हजार. चालवण्याचे २ लाख १६ हजार मिळवले की पहिल्या पाच वर्षांत वर्षाचा खरा खर्च ३ लाख ३० हजारांच्या घरात जातो. पावसाळा, परीक्षा, आजारपण, गावी जाणे हे वगळून आपण वर्षातले १२० दिवस पोहाल, हा अंदाज मी उदारपणे केला आहे. तरी एका दिवसाला २,७५० रुपये पडतात. क्रीडासंकुलात तेवढ्याच दिवसांचे घरातल्या पाचही जणांचे मिळून रोजचे ५०० रुपये होतात.

आपली मुलगी सात वर्षांनी १८ वर्षांची होईल. मुदत ठेव न मोडता तशीच ठेवली, तर ती तोवर करानंतर साधारण २१ लाख होते. कर्जाच्या हप्त्याएवढी रक्कम पाच वर्षे, आणि तलाव व संकुल यांच्या चालू खर्चातील फरक, म्हणजे महिन्याला १३ हजार, सातही वर्षे आपण म्युच्युअल फंडात टाकत राहिलात आणि सरासरी १० टक्के परतावा मिळाला, तर त्यातून आणखी २८ लाखांच्या आसपास उभे राहतात. बाजाराचा परतावा हमीचा नसतो, म्हणून यातले काही लाख कमी धरा. तरीही मुलीच्या संपूर्ण उच्च शिक्षणाएवढा हा पैसा आहे. आपली आज एकूण बचत ३४ लाख असताना त्यातली जवळपास निम्मी तलावात घालून वर कर्ज काढणे मला पटत नाही. शिवाय आपला आरोग्य विमा फक्त कार्यालयाचा आहे, आणि नोकरी बदलली की तो संपतो. ज्या घरात सत्तरीच्या आई आहेत, तिथे तलावाच्या आधी हे भगदाड बुजवायला हवे.

सार्वजनिक तलावाच्या अडचणी मी नाकारत नाही. ठरलेल्या वेळेची बॅच, सुट्टीतली गर्दी, कपडे बदलायच्या खोल्यांची अवस्था, आणि आपल्या पत्नींनी लिहिलेला संकोच, हे सगळे खरे आहे. पण त्यावरचे उपाय फार कमी पैशांत होतात : महिलांची स्वतंत्र बॅच आहे का ते विचारावे, मुलांना प्रशिक्षकाकडे घालावे, आईंसाठी दुपारची निवांत वेळ मागून घ्यावी. पाण्यात उतरायला पायऱ्या आणि कठडा आहे का, हे आईंना सोबत नेऊनच पाहावे. अनेक तलावांत केवळ लोखंडी शिडी असते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती चढवत नाही. महापालिकेचा जनरल अरुणकुमार वैद्य जलतरण तलाव आपल्या चेंबूरमध्येच आहे आणि तो ऑलिम्पिक आकाराचा आहे. पालिकेच्या तलावांचे शुल्क खासगी संकुलांपेक्षा पुष्कळ कमी असते, मात्र जागा लवकर भरतात, म्हणून नोंदणीवर लक्ष ठेवावे लागते. आणि सार्वजनिक तलावावर जीवरक्षक असतो, ही गोष्ट मी पैशांच्या वर ठेवतो. सात वर्षांचे मूल घरात असताना उघड्या परसातले पाणी चोवीस तास कोणीतरी राखावे लागते. शेजारची मुले भिंतीवरून आली आणि काही झाले, तर जबाबदारी आपलीच असते.

भावाने सुचवलेल्या गच्चीवरच्या तयार फायबरच्या तलावाचा विचार तर करूच नये. १.२ मीटर खोल पाणी दर चौरस मीटरला १,२०० किलो भार टाकते. घरांच्या गच्च्या साधारणपणे त्याच्या सहाव्या-आठव्या हिश्श्याएवढ्या भारासाठी बांधलेल्या असतात, आणि आपले घर तर जुने आहे.

त्यामुळे माझा सल्ला असा आहे की, यंदा संकुलाचे सभासदत्व घ्यावे, पण तेही एका वर्षाचेच. तीन वर्षांचे एकदम भरल्यास मिळणारी सूट घेऊ नये. कोण किती दिवस पाण्यात उतरले, याची साधी नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर करावी. त्याच वर्षात भावंडांना एकत्र बसवून घराचे काय करायचे, हे कागदावर आणावे, मालमत्ता पत्रकावर वारसांची नावे चढवून घ्यावीत आणि कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्य विमा काढावा. दोन वर्षांनंतरही सगळे नियमाने पोहत असतील, पुनर्विकास नको असे चौघांनीही लेखी ठरवले असेल आणि पैसा कर्जाशिवाय उभा राहत असेल, तर तलाव जरूर बांधा; पण तो पाच मीटर बाय अडीच मीटरचा असावा, ज्यात १५ हजार लिटर पाणी पुरते आणि आईंचे व्यायामही होतात.

अक्षय्य तृतीयेपूर्वी एक लाख आगाऊ दिल्यास दर वाढणार नाही, असे कंत्राटदाराने सांगितले आहे आणि ती रक्कम द्यावी का, असे आपण शेवटी विचारले आहे. देऊ नये. परवानगी हाती नसताना आणि भावंडांच्या सह्या झालेल्या नसताना दिलेला आगाऊ पैसा परत मिळवण्याचा कोणताही मार्ग त्या क्वोटेशनमध्ये लिहिलेला नाही.