ग्रंथालयाचा काउंटर मोबाइलवर

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज पडलेला होता. वर्षभर इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयाचं पान चालवलंस, आणि मुलं मात्र परीक्षेच्या आदल्या आठवड्याशिवाय फिरकत नाहीत, म्हणालीस. त्या रात्री बसून मी तुझ्या सगळ्या पोस्ट पाहिल्या. मेहनत दिसते. पण पोरी, खरं सांगतो, बहुतेक पोस्ट म्हणजे भिंतीवरचा नोटीस बोर्डच आहे. सुटीची सूचना, जयंतीच्या प्रतिमापूजनाचा फोटो, नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं. वर्षभरात मुलांनी तीनदा काही विचारलंय आणि त्यातल्या दोघांना उत्तरच गेलेलं नाही. एकीनं लिहिलंय, 'मॅडम, थर्ड सेमचे जुने पेपर गावतील काय?' मला तुझ्या सगळ्या पोस्टपेक्षा ती एक ओळ मोलाची वाटली. तिला उत्तर मिळालं असतं, तर ती दुसऱ्या दिवशी चार मैत्रिणींना घेऊन आली असती.

काउंटरवर आपण काय करतो? मूल समोर आलं की मान वर करतो, ऐकतो, उठून कपाटापर्यंत जातो. मोबाइलवर तेच करायचं आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं चौथं तू परीक्षेत लिहिलं असशील: वाचकाचा वेळ वाचवा. आपल्या बेळगाव भागात त्याचा अर्थ बसच्या वेळेत शोधावा लागतो. मुलं येळ्ळूर, उचगाव, कडोलीहून येतात, खानापूरच्या पलीकडूनही येतात. जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत मुलींना तिकीट पडत नाही, पण बस त्यांच्यासाठी थांबत नाही. शेवटचा तास सुटला की सीबीटी, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, गाठायची घाई. तशात जिना चढून यायचं, 'इश्यू झालंय' एवढंच ऐकायचं आणि बस चुकवायची. एकदा असं झालं की मूल दुसऱ्यांदा येत नाही. पुस्तक आहे की नाही हे त्याला सकाळी बसमध्येच कळलं, तर ते दुपारी नक्की येईल.

म्हणून पहिलं काम: ग्रंथालयाचा स्वतंत्र नंबर घे आणि त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस सुरू कर. तुझा खासगी नंबर देऊ नको. नेहमीची उत्तरं त्यात साठवून ठेवता येतात, आणि काउंटर बंद असताना 'उद्या दहाला कळवते' असा निरोप आपोआप जातो. प्रवेशाच्या दिवशी ग्रंथालयाचं कार्ड हातात देतानाच मुलांकडून तो नंबर सेव्ह करून घे. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना धाडलेला, निरोप ज्यांनी नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

सर्वांसाठीच्या सूचनांना ग्रुप काढू नको, चॅनेल काढ. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि मग रात्री अनोळखी मुलांचे मेसेज सुरू होतात. मुली तक्रार करत नाहीत, गुपचूप बाहेर पडतात. चॅनेलवर एका सभासदाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगितलीच पाहिजे. ग्रुप नवे होते तेव्हा मी पुस्तकं परत न केलेल्यांची यादी नावानिशी ग्रुपवर टाकली. फलकावर लावतो तशीच ही, असं मला वाटलं. एका मुलीच्या घरी एकच फोन होता, तो वडिलांचा. यादी आधी त्यांनी वाचली, मग घरातल्या बाकीच्यांनी. पुस्तक तिनं वेळेत दिलेलं होतं, जमेची नोंद करायची माझीच राहिली होती. मी ग्रुपवर माफी मागितली. त्यानंतर ती ग्रंथालयात आली ती वर्षअखेर, नो ड्यूची, म्हणजे काही थकलेलं नसल्याची, सही घ्यायला. खाली मान घालून उभी होती आणि मलाही तिच्याशी काय बोलावं ते सुचलं नाही. तेव्हापासून मी कुणाचंही नाव, कुणी काय वाचलं, कुणाचं काय थकलं, हे चार लोकांत येऊ दिलेलं नाही. थकबाकीचा निरोप ज्याचा त्याला द्यायचा, तोही आधी कपाटात हात घालून खात्री केल्यावर. मुलांचे फोटोसुद्धा विचारल्याशिवाय टाकू नको.

मजकुराबद्दल. तू रंगीत पोस्टर करतेस, ती सुंदर असतात. पण कणकुंबी, जांबोटीकडे पावसाळ्यात लाइट जाते, रेंज जाते, आणि ते पोस्टर गोल गोल फिरत राहतं. साध्या अक्षरांचा निरोप पोचतो. शिवाय महिन्यानं एखाद्यानं चॅटमध्ये 'प्रश्नपत्रिका' असं शोधलं तर अक्षरं सापडतात, चित्रातला मजकूर सापडत नाही. ज्यांना दिसत नाही त्या मुलांचा फोनही अक्षरंच वाचून दाखवतो.

निरोप मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, तिन्ही भाषांत जाऊ दे. कन्नड मजकूर कन्नड विभागातल्या कुणाला तरी दाखवून मगच टाक, यंत्राच्या भाषांतरावर सोडू नको. आपल्याला परकं समजतात की काय, हे मुलांना एका चुकलेल्या शब्दावरून जाणवतं. आपण सीमाभागातली माणसं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. एक रील मात्र माझ्यासाठी कर. ८९१.४६ या वर्गीकरण क्रमांकाच्या कपाटापासून, म्हणजे मराठी साहित्यापासून, चालत ८९४.८१४ च्या कन्नड साहित्यापर्यंत जा आणि वाटेत तुला आवडणारी दोन दोन पुस्तकं काढून दाखव. त्या आकड्यांनी पुस्तक कसं शोधायचं हे पुष्कळ मुलांना तीन वर्षांत कुणी सांगितलेलंच नसतं.

मुलं काय विचारतात त्यावर पोस्ट ठरव. सध्या अभ्यासक्रमाचा गोंधळ आहे. २०२४-२५ पासून कर्नाटकात पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली, अभ्यासक्रम बदलले, आणि हातातलं पुस्तक आपल्या बॅचला चालतं का हे मुलांना कळत नाही. प्रत्येक विषयाच्या सरांकडून यादी घेऊन 'हे चालेल, यातली एवढी प्रकरणं जुनी' असं लिहून टाक. कंटाळवाणं काम आहे, पण मुलं ते जपून ठेवतील.

एन-लिस्टचंही तसंच, म्हणजे कॉलेजांना नियतकालिकं ऑनलाइन पुरवणाऱ्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या योजनेचं. तुमचं कॉलेज वर्गणी भरतं, इन्फ्लिबनेटकडून ६,००० हून जास्त नियतकालिकं मिळतात, घरबसल्या वाचता येतात, आणि लॉगिनचा ईमेल मुलांनी उघडलेलासुद्धा नसतो. तुझ्या फोनचा पडदा रेकॉर्ड करून, पासवर्ड कुठे टाकायचा इथपासून लेख उतरवून घेईपर्यंत, एक मिनिटाचा व्हिडिओ तुझ्याच आवाजात कर. स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून तो हायलाइटमध्ये ठेव.

'मॅडम, अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ पाठवा की' असं विचारणारे येतीलच. लेखकाचा हक्क असलेलं पुस्तक स्कॅन करून फिरवायचं नाही, कितीही गळ घातली तरी. पण नुसतं 'नाही' म्हणून मुलाला परत पाठवू नको. मराठी विश्वकोश मोफत वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत. आयआयटी खरगपूरनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. यातलं नेमकं पान शोधून त्याचा दुवा पाठव.

आणि हिवाळ्यात कडोली, येळ्ळूरसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, तेव्हा गप्प बसू नको. पाहुणे म्हणून येणाऱ्या लेखकांची आपल्याकडे कोणती पुस्तकं आहेत, ते आठ दिवस आधी कळव. ज्यांचं भाषण ऐकायचं त्यांचं पुस्तक मुलानं आधी वाचलेलं असावं, यासाठी ग्रंथालयानं धडपडायला हवं. इंदिरा संत याच बेळगावात राहिल्या, इथेच त्यांनी शिकवलं, हेही आमच्या मुलांना माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पान कॉलेजच्या ईमेलवर नोंदव आणि पासवर्डची एक प्रत प्राचार्यांकडे दे. खासगी खात्यावरचं पान माणूस बदलला की अनाथ होतं. लाइक मोजत बसू नको. काउंटरवर एक वही ठेव, पुस्तक देताना 'कुठून कळलं?' एवढं विचार आणि लिहून ठेव. जूनमध्ये आपण दोघं ती वही वाचू.

नंबर सुरू झाला की आधी मला कळव. खानापूरकडची दोन मुलं संध्याकाळी माझ्याकडे बसायला येतात, दोघंही तुमच्याच कॉलेजची. त्यांना अर्थशास्त्राचं एक पुस्तक हवं आहे आणि ते तुमच्याकडे आहे की नाही, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

तुझे
सर