धने रुजेनात, कढीपत्ता हलेना

प्रश्न : पाडव्याला कुंडीत धने पेरले. दहा दिवस झाले, रोज दोन वेळा पाणी घालते, पण एकही अंकुर नाही. धने वाण्याकडचेच आहेत. माती उकरून पुन्हा पेरू का? (नाशिक)

उकरू नका. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, त्या हिशेबाने धने मोजायचे नसतात. त्यांना आठ ते पंधरा दिवस लागतात, क्वचित वीसही. धणा हे खरं तर फळ आहे. त्याच्या टरफलात दोन बिया असतात आणि ते टरफल पाणी सावकाश पितं.

पुढच्या खेपेला धने कापडात घेऊन लाटण्याने हलके दाबा. प्रत्येकाच्या दोन पाकळ्या व्हायला हव्यात, भरड नको. मग रात्रभर भिजवा, निथळा, ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवा आणि एक सेंटीमीटर खोल पेरा. त्याहून खोल गेलेला अंकुर वर येईपर्यंत दमतो.

तुमच्या बाबतीत मला धन्यांपेक्षा पाण्याची शंका जास्त येते. तांब्याने पाणी ओतलं की माती दडपते, वाळल्यावर वर पापुद्रा धरतो आणि कोवळा अंकुर त्याखाली अडतो. खाली ओल साचली तर बी कुजतं ते वेगळंच. फवाऱ्याने पाणी द्या, वर ओलं गोणपाट अंथरा आणि पहिला हिरवा ठिपका दिसताच ते काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी, लांबुडकी होतात.

वाण्याकडचे धने जुने असू शकतात. वीस धने ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. पंधरा दिवसांत निम्मेही फुटले नाहीत, तर बियाण्याच्या दुकानातून आणा. ते बी रंगवलेलं दिसलं तर त्याला औषध लावलेलं असतं, उरलेलं स्वयंपाकात वापरू नका.

चैत्राच्या उन्हात कोथिंबीर लवकर फुलोऱ्यावर येते. यात तुमची चूक नाही, झाडाचा तो धर्मच आहे. सकाळचं तीन-चार तास ऊन द्या, दुपारी सावली. एकदम मोठी कुंडी भरण्याऐवजी दर पंधरा दिवसांनी मूठभर पेरत राहा.

प्रश्न : कढीपत्त्याचं रोप दीड वर्षात वीतभरच वाढलं. थंडीत पानंही गळली. खत वाढवू का? (पुणे)

आधी ते जिवंत आहे का बघा. खोडाची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर काळजी नको. कढीपत्ता थंडीत विसावतो आणि ऊन तापू लागलं की फुटतो. पान नसलेल्या झाडाला खत घालणं मात्र घातक आहे, कारण ते शोषायला मुळं अजून जागी झालेली नसतात. कोवळी पालवी बोटभर झाली की दोन मुठी कुजलेलं शेणखत द्या.

रोपवाटिकेच्या पिशवीत बऱ्याचदा चार-पाच रोपं एकत्र असतात आणि एकमेकांचं अन्न खातात. सर्वांत जोमदार ठेवा, बाकीची जमिनीलगत कात्रीने कापा. उपटली तर ठेवलेल्याची मुळं दुखावतात. कुंडी आठ इंची पुरे. मोठ्या कुंडीत ओल साचून राहते. मुळं तळाच्या भोकातून डोकावली की मग बारा इंची घ्या.

फोडणीसाठी एकेक पान ओरबाडू नका. रोप दोन फूट होईपर्यंत हातच लावू नका. नंतर शेंडाच कापा, म्हणजे खालून दोन-तीन फुटवे येतील. लहान रोपावर कळ्या आल्या तर खुडा. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर नीट बघा, ती बहुधा फुलपाखराची अळी असते. एका रात्रीत ती कोवळा शेंडा संपवते. हाताने वेचा.

प्रश्न : पुदिन्याच्या काड्या लावल्या की काळ्या पडतात. (ठाणे)

मातीत बुडालेली पानं कुजतात. चार-पाच इंची काडीची खालची पानं काढा, पेर पाण्यात बुडेल अशी ठेवा आणि पाणी एक दिवसाआड बदला. पांढरी मुळं साधारण इंचभर झाली की पसरट, उथळ कुंडीत लावा.

प्रश्न : अक्षय्य तृतीयेला आलं लावलं तर कोंब कधी दिसेल? मधे उकरून बघितलं तर चालेल का? (कोल्हापूर)

तीन-चार आठवडे तरी लागतील. अंगठ्याएवढे, एक-दोन डोळे फुगलेले तुकडे घ्या. कापलेली बाजू एक दिवस सावलीत सुकू द्या, ओली लावली की कंदकुज ठरलेली. डोळा वर ठेवून दोन इंच खोल लावा. कोंब दिसेपर्यंत माती नुसती दमट हवी. बोटाचं एक पेर आत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. उकरून मात्र बघू नका. त्या वेळी कोंब तांदळाच्या दाण्याएवढा असतो, बोट लागताच मोडतो आणि तुकड्याला दुसरा डोळा नसेल तर तो वाया जातो. पुढे डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून आडवी झाली की माती उकरायची.