बी.ए.च्या मुलांना निबंधाऐवजी छोटे व्हिडिओ करायला लावले तर ती विषय शिकतात का?

तुमचा प्रश्न असा आहे, की इतिहास किंवा मराठी शिकवताना निबंधाच्या जागी डिजिटल गोष्टी (डिजिटल स्टोरीटेलिंग, म्हणजे स्वतःच्या आवाजात सांगितलेल्या गोष्टीचे छोटे व्हिडिओ) करून घेतल्या तर मुलं विषय शिकतात, की नुसतं एडिटिंग. मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात तृतीय वर्षाला इतिहास शिकवते आणि सहा वर्षं हे करून घेते आहे. माझ्या अनुभवात मुलं विषय शिकतात, पण व्हिडिओ सगळ्यात शेवटी आला तरच.

पहिल्या वर्षी मी नेमकं उलटं केलं होतं. 'स्थानिक इतिहासावर पाच मिनिटांचा व्हिडिओ आणा' एवढंच सांगून मोकळी झाले. आलं काय, तर मागे बासरी, इंटरनेटवरून उचललेले फोटो आणि कुठला तरी लेख वाचून दाखवणारा आवाज. ठाण्याच्या पहिल्या रेल्वेवर तीन गट होते. तिघांनीही १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर हे बरोबर सांगितलं. साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनांची नावंही घेतली. पडद्यावर मात्र कितीतरी नंतरचं इंजिन धूर सोडत होतं. हा फोटो कधीचा, कुठला, कोणी काढला, हे एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. इतिहासाच्या वर्गात ही फार मोठी चूक आहे. आणि मीच त्यांना चित्रांपासून सुरुवात करायला लावली होती.

मग मी डिजिटल स्टोरीटेलिंग या प्रकाराचं मूळ वाचायला घेतलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात डेना ॲचली, जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यशाळा घेत घेत हा प्रकार घडवला. रूप अगदी साधं: दोन-तीन मिनिटं, सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज, मोजकी स्थिर चित्रं. यंत्राला हात लावायच्या आधी सगळे गोल करून बसतात आणि आपली गोष्ट एकमेकांना सांगतात. मी हा गोल तेवढा उचलला. आता पहिले दोन आठवडे मोबाइल दप्तरात. तीनशे शब्दांची संहिता लिहायची, गोलात मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. तीनशे शब्दांत 'प्राचीन काळापासून' अशा सुरुवातीला जागाच उरत नाही.

एका वर्षी घणसोली गावातल्या एका मुलीने भूसंपादन हा विषय घेतला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची, नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात झालेला गोळीबार आणि त्यातले पाच हुतात्मे. सगळं बरोबर, सगळं पुस्तकातलं. गोलात कोणीतरी सहज विचारलं, "तुझ्या घरची किती गेली गं?" तिला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा आजीला विचारलं.

आजीचं बोलणं ऐकल्यावर संहिता पुन्हा लिहिली गेली. पण निवेदन ती परत परत रेकॉर्ड करत होती आणि तिला ते पसंतच पडेना. कारण कळायला मला वेळ लागला. आगरी बोलण्यात 'ळ'चा 'ल' होतो, आणि शाळेपासून ती तो 'ल' लपवत आली होती. आजीचे शब्द सांगतानाही ती 'शाला' खोडून 'शाळा' म्हणत होती. मी म्हटलं, घरी सांगतेस तसं सांग, गुण कापणार नाही. पुढचं रेकॉर्डिंग एका दमात झालं. निबंधात हा आवाज मला कधीच ऐकू आला नसता, आणि या एका कारणासाठीसुद्धा मी हा उपक्रम सोडणार नाही.

चित्रांची पंचाईत झाली. घरात त्या काळचा एकही फोटो नव्हता. तिने जुना सातबारा काढला आणि त्यावर फिरणारं आजीचं बोट टिपलं. तिथे खरी गंमत सुरू झाली. आजी चार एकर म्हणायची, उताऱ्यावर आजोबांच्या नावापुढे त्याहून बरंच कमी. आजी चुकते की कागद? एक अख्खं लेक्चर यावर गेलं. शेवटी उलगडलं, की घरचे कसत होते पण नावावर कधी लागली नव्हती, ती जमीनही आजी आपलीच धरत होती. मौखिक साक्ष आणि सरकारी दप्तर यांतला फरक मी आधी कित्येक वर्षं फळ्यावर शिकवला होता. त्या वर्षीच्या मुलांनी उत्तरपत्रिकेत तो स्वतःच्या शब्दांत लिहिला.

गुणांचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त संहितेला आणि चित्रांच्या टिपणाला ठेवा: प्रत्येक चित्र कुठलं, कधीचं, वापरायची परवानगी आहे का. एडिटिंगला नाममात्र. सगळ्यांकडे सारखे फोन नसतात, आणि महागड्या फोनला गुण देणं अन्यायाचं आहे. रेकॉर्डिंगला पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, अंगावरून चादर. आवाज साफ करायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. निबंध मात्र पूर्ण काढू नका. इतिहासलेखनशास्त्रासारख्या विषयात मुद्द्याला मुद्दा जोडत जावं लागतं, ते दोन मिनिटांत होत नाही.

आणि परवानगीच्या कागदावर पहिल्याच दिवशी सही घेऊ नका. तयार व्हिडिओ आधी ज्याची गोष्ट आहे त्याला दाखवा. या आजीने शांतपणे पाहिला आणि एकच वाक्य काढायला सांगितलं, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट भावांत कसा वाटला गेला त्याबद्दलचं. नातीचं ते सगळ्यात आवडतं वाक्य होतं, माझंही. आम्ही ते काढलं, मग आजीने सही केली, आणि त्यानंतरच व्हिडिओ वर्गात लावला.