घर सुटलं, पाकिटं सुटेनात
(सदर : टपालताईंना विचारा)

या खेपेला निम्मी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. माणूस नव्या घरी गेला, टपाल जुन्या घरी राहिलं. माझी सगळी नोकरी खानदेशातल्या पोस्टात गेली, क्लार्क म्हणून लागले आणि सब-पोस्टमास्तर म्हणून सुटले. त्यामुळे हा विषय माझ्या हातचा आहे.

प्रश्न : मी रेल्वेत गार्ड होतो. निवृत्तीनंतर भुसावळचं क्वार्टर सोडून जळगावला पिंप्राळ्याकडे स्वतःच्या घरात आलो. इथल्या पोस्टात पत्ता बदलाचा अर्ज दिला, तरी माझी पाकिटं क्वार्टरवरच पडतात. तिथे नवीन आलेले गृहस्थ भले आहेत, फोन करून सांगतात, पण त्यांनी तरी किती दिवस सांभाळायचं? मध्यंतरी माझं एटीएम कार्ड तर बँकेकडे परत गेलं. मुलगा म्हणतो, आधारवर पत्ता बदलला की सगळीकडे आपोआप बदलतो. खरं का? – एक निवृत्त गार्ड, जळगाव

उत्तर : गार्डसाहेब, डबा भुसावळला कापायचा आणि मेमो जळगावच्या स्टेशन मास्तरच्या हातात, असं झालंय तुमचं. पाकिटावर ४२५२०१ लिहिलेलं आहे तोवर ते भुसावळलाच उतरणार. सॉर्टिंगवाल्याला तुमचं नाव दिसत नाही, त्याला पिन दिसतो. पहिले तीन आकडे टपाल कुठल्या सॉर्टिंग जिल्ह्यात जायचं ते सांगतात, शेवटचे तीन कुठल्या डिलिव्हरी पोस्टात. (१५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे पंडित. हे मी प्रत्येक नव्या पोस्टमनला सांगायचे, त्याला ऐकायचं असो वा नसो.) तेव्हा अर्ज द्यायचा तो क्वार्टरला टपाल वाटणाऱ्या भुसावळच्या पोस्टात. जुना पत्ता, नवा पत्ता, पिनसकट, खाली सही. घरात टपाल येणारी जेवढी मोठी माणसं, तेवढ्यांची नावं आणि सह्या. वहिनींची पेन्शन-विम्याची पाकिटं तुमच्या एकट्याच्या सहीवर वळवायला कोणी तयार होणार नाही, आणि होऊही नये.

आता आतली गोष्ट. अर्ज पोस्टमास्तरकडे असतो, पण पाकीट वळतं ते बीटच्या, म्हणजे वाटपाच्या ठरलेल्या भागाच्या, पोस्टमनच्या हातून. तो रजेवर गेला, बीट बदलली, बदलीचा माणूस आला की तुमचं पाकीट पुन्हा क्वार्टरच्या दारात. म्हणून अर्ज दिल्यावर त्या बीटच्या पोस्टमनला एकदा स्वतः भेटा. चहा पाजा म्हणत नाही, ओळख दाखवा म्हणते. रेल्वे कॉलनीच्या बीटला दरवर्षी कितीतरी घरं बदलतात, त्यात तुमचा चेहरा त्याच्या लक्षात राहिला तर अर्ज जिवंत राहतो. आणि कुरिअरवाल्यांना यातलं काहीच लागू नाही. त्यांची पाकिटं पोस्टाच्या हाताखालून जात नाहीत.

एटीएम कार्ड परत गेलं, ते बरंच झालं. कार्ड आणि चेकबुकाच्या पाकिटावर बहुधा छापलेलंच असतं, की घेणारा सापडला नाही तर दुसरीकडे न पाठवता परत करा. पासपोर्टचंही तसंच, तो त्याच पत्त्यावर ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा असतो. क्वार्टरमधल्या भल्या माणसाने तुमच्यासाठी सही करून कार्ड ठेवून घ्यावं, अशी इच्छा मनातही आणू नका.

आणि पोस्टाचा अर्ज हा तात्पुरता बांध आहे, त्यावर कायमचं विसंबू नका. खरी दुरुस्ती पाकीट जिथून निघतं तिथे करायची. मुलाला सांगा, आधार बदलल्याने दुसऱ्या कुणाचं दप्तर आपोआप बदलत नाही. आधार हा पुरावा झाला, तो घेऊन प्रत्येकाच्या दारात आपणच जायचं. आधी बँक. फक्त पत्ताच बदलला असेल तर बँक तुमच्या स्वतःच्या लेखी सांगण्यावरही नवा पत्ता घेते, पण मग दोन महिन्यांच्या आत तो खरा आहे का ते तपासते. त्यासाठी नव्या घरी पत्र येऊ शकतं. तेव्हा पिंप्राळ्याच्या दारावर तुमच्या नावाची पाटी हवी. नवीन कॉलन्यांमध्ये प्लॉट नंबर एक, गट नंबर दुसरा आणि बिल्डरने दिलेलं नाव तिसरंच. पोस्टमनने काय करावं?

बँकेमागोमाग आयकर. ई-फायलिंगच्या खात्यात पत्ता, मोबाईल आणि ईमेल तिन्ही बघा, मोबाईल जुना असेल तर पत्ता बदलून अर्धंच काम होईल. मग गाडी. एमएच-१९ ची गाडी भुसावळची असो की जळगावची, आरटीओ तेच म्हणून लोक निवांत राहतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ४९ सांगतं, राहण्याचा पत्ता बदलला की ३० दिवसांत आरसीवर नोंद करून घ्या. मतदार यादीसाठी फॉर्म ८. विमा आणि पेन्शन हे तुमच्यासारखा माणूस विसरणार नाही, म्हणून लिहीत नाही.

एवढं लांबण का लावलं? कारण "पत्र मला मिळालंच नाही" हे वाक्य लोकांना फार भक्कम वाटतं. तसं ते नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ म्हणतं, की कायद्याने टपालाने पाठवायचा कागद नीट पत्ता लिहून, पैसे भरून, रजिस्टरने पाठवला तर तो पोचला असं धरायचं. उलट सिद्ध करता येतं, पण ती खटपट तुमची. चेक परतीच्या नोटिशीत तर पैसे भरायला १५ दिवसच मिळतात. नोटीस तुमच्याच जुन्या पत्त्यावर गेली, पोस्टमनने दार बंद असल्याचा शेरा मारला, पोस्टात सात दिवस पडून ती परत गेली, आणि समोरच्याला तुम्ही नवा पत्ता कधी कळवलेलाच नव्हता. अशा वेळी कोर्टात "मी तेव्हा जळगावला होतो" म्हणून कोणी सोडून देत नाही. म्हणून पत्ता कळवला की पोच घ्या. बँकेत शिक्का मारून घ्या, ईमेल केला तर जपून ठेवा. पोच नाही तर कळवलं नाही, असा माझा हिशेब आहे.

प्रश्न : धुळ्याला देवपूरमध्ये भाड्याने खोली घेतली आहे. आधीच्या भाडेकरूच्या नावाने कर्जाच्या नोटिसा येतात. परवा दोन माणसं दारात येऊन "तुम्हीच नातेवाईक असाल" म्हणाली. मी एकटी राहते. पाकिटं फोडून फोन नंबर शोधू का? – एक शिक्षिका, धुळे

उत्तर : बाई, फोडू नका. फोडलेलं पाकीट परत जात नाही, उलट ते तुमच्यापर्यंत पोचल्याचा बोभाटा होतो. पाकीट जसंच्या तसं ठेवा, वर लिहा, "या नावाची व्यक्ती येथे राहत नाही", तारीख टाका आणि पोस्टमनच्या हातात परत द्या. सहीचं पाकीट असेल तर घेऊच नका. एका पाकिटाने काही होणार नाही. परतीचे शेरे साठले की पाठवणाऱ्याच्या दप्तरात हालचाल होते.

शिवाय पाकिटावर कर्ज देणाऱ्याचं नाव छापलेलं असतंच. त्यांच्या तक्रार विभागाला लिहा, की मी अमुक तारखेपासून इथे राहते, हा माझा भाडेकरार, माझा त्या माणसाशी संबंध नाही. कराराच्या प्रतीवर आपला आधार नंबर आणि भाड्याची रक्कम झाकून द्या. वसुलीवाल्यांना दारातूनच ओळखपत्र मागा. रिझर्व्ह बँकेने वसुलीच्या फोनसाठी सकाळी ८ ते संध्याकाळी ७ ही वेळ घालून दिली आहे, आणि कर्जदाराला धमकवायलाही त्यांना मनाई आहे, तुमचा तर त्या कर्जाशी संबंधच नाही. पुन्हा आले तर पोलीस ठाण्यात लेखी द्या. मात्र घरमालकाला आजच सांगा. जुन्या भाडेकरूचा फोन त्यांच्याकडे असतो आणि पत्ता बदलायचं काम त्या माणसाचं आहे. खोली देताना हे न बोलणारे घरमालक मला मुळीच आवडत नाहीत.

प्रश्न : आम्ही सुरतला उधन्याला राहतो. अमळनेरजवळच्या गावातलं घर वडील वारल्यावर विकलं. तिथे वडिलांच्या नावाने कुठल्याशा कंपनीची पाकिटं येतात. घर घेणारे म्हणतात, मयत लिहून परत करून टाकू. आते काय करानं, ताई? – उधन्याहून एक वाचक

उत्तर : थांबवा त्यांना, भाऊ! आज फोन करा आणि सांगा, एकही पाकीट परत करू नका, येत्या फेरीला मी नेतो.

कंपनीचं पाकीट म्हणजे बहुतेक शेअर. त्या काळी कापसाच्या पैशातून किंवा नोकरीच्या बोनसमधून कोणाच्या तरी सांगण्यावरून शंभरेक शेअर घेऊन ठेवलेले म्हातारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. घरात कोणाला पत्ता नसतो. पाकिटात फोलिओ नंबर, म्हणजे शेअरच्या खात्याचा नंबर असतो आणि रजिस्ट्रारचा, म्हणजे कंपनीच्या शेअरचं दप्तर सांभाळणाऱ्याचा पत्ता असतो, या दोन गोष्टी मिळाल्या की धागा हातात आला. वारस म्हणून ते पाकीट उघडायचा हक्क तुमचा, घर घेणाऱ्यांचा नव्हे.

घाई अशासाठी, की सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे तो लाभांश आणि त्यासोबत शेअरही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. तिथून परत मिळतात, बुडत नाहीत, पण कागद नाचवावे लागतात. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं आणि नावावर करण्याचा अर्ज रजिस्ट्रारकडे द्या. भावंडं असतील तर त्यांना आधी सांगा, मागाहून सांगितलं की सही मिळत नाही.

पत्ता मात्र उधन्याचा पूर्ण द्या. सुरतमध्ये आपली इतकी माणसं आहेत, की अर्ध्या पत्त्यावर पाकीट दुसऱ्याच पाटलाच्या घरी जाईल.

प्रश्न : आता डिजिपिन आला आहे. मग पत्ता बदलायची कटकट संपली ना? – एक विद्यार्थी, शहादा

उत्तर : नाही. डिजिपिन २०२५ साली आला. दहा अक्षर-आकड्यांचा तो संकेत साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या जागेचा आहे, तुमचा नाही. शेताच्या बांधावरचं घर किंवा सातपुड्यातला पाडा शोधायला तो फार कामाचा. पण तुम्ही खोली सोडून पुण्याला गेलात की तो शहाद्यालाच राहणार आणि त्याच्यावर पाठवलेलं पाकीटही.

प्रश्न : तुमचंच मासिक अजून माझ्या चाळीसगावच्या जुन्या घरी जातं! – एक वर्गणीदार, नाशिक

उत्तर : वेष्टणावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तुमचा वर्गणीदार क्रमांक आहे. तो नव्या पत्त्यासोबत कळवा, पिनसकट. नुसतं नाव कळवू नका, चाळीसगावात त्याच नावाचे आणखी दोन वर्गणीदार आहेत. आणि जुन्या घरी कोण वाचतं ते विचारा. आवडलं असेल तर त्यांचीही वर्गणी घ्या म्हणावं.