कायदा मागायचा, पण कोणाकडे?

वाचकांचे प्रश्न

विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणात मुली, मागास समाज आणि दिव्यांग यांचा वाटा वाढवणाऱ्या कायद्यांबाबत मराठवाड्यातून आलेली ही पत्रे.

प्रश्न : मुलींची इंजिनिअरिंगची फी सरकारने माफ केलीच आहे. मग वेगळ्या कायद्याची मागणी कशाला? (एक पालक, सेलू)

उत्तर : माफी झाली ती ८ जुलै २०२४ च्या जीआरने, म्हणजे शासन निर्णयाने. आधीची निम्मी सवलत त्याने पूर्ण केली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवे, मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी प्रवर्गातली हवी आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा, अभिमत आणि खासगी विद्यापीठे यातून बाहेर आहेत. शिवाय माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची. सेलूची मुलगी पुण्याला गेली की होस्टेल आणि मेसचे पैसे घरूनच जातात, आणि बहुतेकींचे गणित तिथेच फसते.

जीआर दुसऱ्या जीआरने बदलता येतो, त्यासाठी सभागृहाला विचारावे लागत नाही. कायदा बदलायचा तर विधेयक विधानसभेत आणि विधान परिषदेत मंजूर करून घ्यावे लागते. आयआयटीतही तेच. मुलींसाठीच्या जादा जागा २०१८ मध्ये सुरू झाल्या, मुलींच्या वाट्याचे १४ टक्क्यांचे लक्ष्य २०२० मध्ये २० टक्क्यांवर गेले, पण हे सगळे प्रशासकीय निर्णयावर चालू आहे. उद्या तो निर्णय फिरवला तर दाद मागायला कलमच नाही.

प्रश्न : खासदार म्हणतात हा राज्याचा विषय, आमदार म्हणतात केंद्राचा. निवेदन द्यायचे कोणाला? (एक प्राध्यापिका, उदगीर)

उत्तर : दोघांचेही अर्धेच खरे आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून शिक्षण समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतात. मात्र उच्च शिक्षण, संशोधन आणि तांत्रिक संस्थांचा दर्जा ठरवणे केंद्राच्या सूचीत, नोंद ६६ मध्ये. ढोबळ नियम असा : राज्यातल्या कॉलेजांचे प्रवेश, शुल्क, वसतिगृहे आणि राज्य विद्यापीठांतली भरती यासाठी मुंबई; आयआयटी, एनआयटी आणि केंद्रीय संशोधन संस्थांसाठी दिल्ली.

दिल्लीकडे मागण्यासारखी एक नेमकी गोष्ट आहे. २००६ च्या केंद्रीय प्रवेश आरक्षण कायद्यात एससी १५, एसटी ७.५ आणि ओबीसी २७ टक्के असे आरक्षण आहे, पण कलम ४ ने टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), होमी भाभा राष्ट्रीय संस्था अशा नामांकित संशोधन संस्था त्यातून वगळल्या आहेत. अध्यापक भरतीच्या २०१९ च्या कायद्यातही अशीच सूट आहे. ‘कलम ४ आणि त्याखालील यादीचा फेरविचार करा’ एवढी एक ओळ ‘विविधता वाढवा’ या चार पानांपेक्षा खासदाराच्या जास्त उपयोगाची.

मुंबईसाठी मराठवाड्याच्या हातात आणखी एक धागा आहे, तो आपण फारसा वापरत नाही. घटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये मराठवाड्यासाठी स्वतंत्र विकास मंडळाबरोबरच तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची न्याय्य व्यवस्था करण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, पण अनुच्छेद कायम आहे. म्हणजे निवेदनात अनुच्छेद दाखवून मागणी करता येते, नुसती मागासलेपणाची तक्रार करायची गरज नाही.

प्रश्न : आम्हा शिक्षकांना राज्याच्या कायद्यासाठी प्रयत्न करायचा आहे. सुरुवात कुठून करावी? (शिक्षकांचा गट, अंबाजोगाई)

उत्तर : आधी आकडे मिळवा. जवळच्या शासकीय पॉलिटेक्निक किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा : ‘गेल्या पाच वर्षांत शाखानिहाय व प्रवर्गनिहाय प्रवेशित मुली किती, दुसऱ्या वर्षात पोहोचलेल्या किती, वसतिगृहात मुलींसाठी जागा किती, अर्ज किती.’ दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांपर्यंतचा असावा लागतो, म्हणून भरतीचे आकडे हवे असतील तर दुसरा अर्ज. ‘मुली मेकॅनिकलला का येत नाहीत’ असे विचारलेत तर उत्तर मिळत नाही. कार्यालयाच्या रेकॉर्डवर असलेलीच माहिती देण्याचे बंधन असते. मुदत ३० दिवसांची, त्यानंतर पहिले अपील.

मग आमदार निवडा. मंत्री नसलेला कोणताही सदस्य अशासकीय विधेयक मांडू शकतो. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे आमदार मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे प्रतिनिधी असतात आणि हा विषय त्यांच्या मतदारांचाच आहे, तेव्हा आधी त्यांच्याकडे जा. मसुदा दोन पानांपेक्षा मोठा नको. प्रत्येक कलमात कोणी करायचे, केव्हापर्यंत आणि नाही केले तर काय, हे तिन्ही असू द्या. उदाहरणार्थ : ‘राज्य विद्यापीठाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखांतील प्रत्येक निवड समितीत किमान एकतृतीयांश सदस्य महिला असतील, तसे नसल्यास त्या समितीची शिफारस ग्राह्य धरली जाणार नाही.’

बहुतेक मसुदे पैशावर अडतात. वसतिगृह बांधा, विद्यावेतन द्या असे लिहिले की राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च आला, आणि अनुच्छेद २०७(३) नुसार राज्यपालांच्या शिफारशीशिवाय असे विधेयक मंजूर करता येत नाही. म्हणून निवड समिती, वार्षिक अहवाल, आकडे जाहीर करणे ही बिनखर्चाची कलमे एका विधेयकात घाला आणि वसतिगृहाचा मुद्दा अर्थसंकल्पी चर्चेत किंवा लक्षवेधी सूचनेत (तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना) मांडायला लावा.

विधेयक मंजूर होईलच ही आशा बाळगू नका. संसदेत आजवर चौदाच अशासकीय विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० साली. खरा लाभ असा की मंत्र्यांना उठून उत्तर द्यावे लागते. त्यांनी ‘करू’ म्हटले तर ते आश्वासन नोंदवले जाते आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. कामकाजाचा तो उतारा जपून ठेवा, पुढच्या अधिवेशनात लागेल.

प्रश्न : संसदेच्या समितीने एखाद्या विधेयकावर सूचना मागवल्या, तर आपण पाठवलेले निवेदन फेसबुकवर टाकावे का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : नको. समितीकडे गेलेले निवेदन तिच्या रेकॉर्डचा भाग होते आणि गोपनीय मानले जाते. ते बाहेर देणे विशेषाधिकारभंग, म्हणजे संसदेच्या खास हक्कांचा भंग ठरू शकते. सूचनांची मुदत बहुधा पंधरा दिवसांचीच असते, म्हणून मसुदा आधीच तयार ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा व्हीलचेअर वापरतो. खासगी विनाअनुदानित कॉलेज दिव्यांग कोटा देत नाही. हे बेकायदा आहे ना? (एक वाचक, बीड)

उत्तर : केंद्रीय कायद्यापुरते बोलायचे तर नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३२ किमान पाच टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट देते, पण ते शासकीय आणि अनुदानित संस्थांनाच लागू आहे, तेही किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी. अनुदानित कॉलेज नकार देत असेल तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करा; नकार लेखी घ्या, तोंडी नकार सिद्ध करणे अवघड जाते. विनाअनुदानित संस्थाही कलम ३२ मध्ये याव्यात, ही मात्र खासदारांकडेच न्यायची मागणी आहे.